घाटात बंद पडणारा कॉम्प्युटर

तक्रारसाहेबांचा कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला तेव्हा त्यांना, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं होतं. हे त्यांनी पुढे कोणालाही सांगितलं नाही, आणि कॉम्प्युटरवाल्याला तर मुळीच नाही. पण लक्षणं सांगताना माणूस जे गाळतो तेच बहुधा त्याचं दुखणं असतं, म्हणून आपण सुरुवात तिथूनच करू.

तक्रारसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. टेलिफोन खात्याच्या तक्रार निवारण कक्षात त्यांनी अख्खी नोकरी काढली, म्हणून इमारतीतल्या लोकांनी त्यांना ही पदवी बहाल केली होती. कक्षाच्या पाटीवर निवारण होतं, आत मात्र नुसती तक्रारच असायची. फोन मुका झालाय, खरखर येतेय, भलत्याच्याच घरी लागतोय, असं कोणी कळवलं की साहेब समोरची एक खुंटी वर करायचे, खाली करायचे आणि शांतपणे सांगायचे, "इथून तर लाईन ठीक दिसतेय. दोष तुमच्याकडेच असणार." या एका वाक्याच्या जोरावर त्यांना बढत्या मिळाल्या. मग एवढं गुणाचं वाक्य माणूस ऑफिसात ठेवून घरी कसं येणार? शेगडी नीट पेटत नाही, पाठ दुखते, मुलगी हल्ली गप्प गप्प असते, असं काही त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे बाई म्हणत, सांगायला आल्या की वर्तमानपत्राआडून उत्तर यायचं, "इथून तर ठीक दिसतंय." बाई हसायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. गेल्या वर्षी बाई गेल्या. तेव्हापासून घरात तक्रार करायला कोणी उरलं नाही, आणि तक्रार नसलेलं घर किती मोठं होतं ते साहेबांना कळलं.

मुलगी परगावी नोकरीला होती. आई असताना फोन आईच्या हातात असायचा आणि बापाची खुशाली "बाबा ठीक आहेत" एवढ्या दोन-तीन शब्दांत उरकली जायची. आता फोन थेट साहेबांच्या हातात आला. "जेवलात?" "जेवलो. तू?" "जेवले." यापुढे रस्ता बंद. दोघंही फोन कानाला लावून एकमेकांचा श्वास ऐकत बसायची आणि मग एकदम, दाराशी कोणीतरी आल्यासारखं दाखवून, फोन ठेवायची. दोघांच्याही दाराशी कोणी आलेलं नसायचं.

शेवटी मुलीनेच तोड काढली. तिचा कॉलेजातला कॉम्प्युटर घरीच होता. पडदा टेबलावर आणि चांगली धिप्पाड पेटी टेबलाखाली पाय पसरून बसलेली. त्यावर ट्रक चालवायचा एक गेम होता. तिने तिकडे, साहेबांनी इकडे बसायचं, एकाच रस्त्यावर आपापला ट्रक हाकायचा आणि हेडफोनवर बोलायचं. "या वयात मी ट्रक चालवू?" असं साहेब म्हणाले खरे, पण पहिल्याच रविवारी संध्याकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून बसले. ट्रकही त्यांनी सरकारी शिस्तीत चालवला. रस्त्यावर चिटपाखरू नसताना ते लाल दिव्यापाशी थांबायचे. वळण नसतानाही इंडिकेटर द्यायचे, कारण मागच्याला आधी कळलेलं बरं. मुलगी पुढच्या नाक्यावर थांबून जांभया द्यायची. पण एक झालं. दोघांची नजर रस्त्यावर असली की बोलणं सोपं जातं. तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि गप्प बसलं तरी चालतं. ट्रक चाललेला असतोच.

सपाट रस्त्यावर हवापाणी व्हायचं. नदीवरच्या पुलापर्यंत मुलीच्या ऑफिसातल्या भानगडी व्हायच्या. मग घाट लागायचा आणि मुलगी गप्प व्हायची. त्या पहिल्याच रविवारी दोन-तीन वळणं गेल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, आईचं..." आणि खट्‍. पडदा काळा. पंखा थांबला. खोलीत आधीपासूनच असलेली शांतता पुन्हा येऊन बसली.

साहेबांना बरं वाटलं ते तेव्हा. विषय टळला होता आणि आपण काहीच केलं नव्हतं. खात्यात असताना वीज जायची तेव्हा असंच वाटायचं.

दुसऱ्या रविवारीही घाटातच, "बाबा, आईचं..." म्हणताच खट्‍. या वेळी लगेच फोन वाजला. "बाबा, हे बरं आहे हं तुमचं," मुलगी म्हणाली. साहेबांनी शपथेवर सांगितलं की आपण कशालाही हात लावलेला नाही. पण साहेबांची पत या बाबतीत फारशी बरी नव्हती. बाई गेल्यावर मुलगी काही दिवस घरी राहिली होती. आईचा विषय निघाला की साहेबांना गॅस चालू राहिल्याचा भास व्हायचा, नाहीतर नळ. एकदा तर न वाजलेली बेल ऐकून ते दार उघडायला गेले होते आणि जिन्यात बराच वेळ उभे राहिले होते. लांडगा आला रे आला करणाऱ्याकडे एक दिवस खरोखरच लांडगा येतो, तशातला प्रकार झाला.

तिसऱ्या रविवारी "बाबा, आईचं क..." इथवर मजल गेली आणि खट्‍. फोन वाजला नाही. साहेब फोनकडे बघत बसले. मग मोबाईलवर एक शब्द उमटला: "समजलं." त्याखाली थोड्या वेळाने दुसरं वाक्य आलं: "बोलायचं नसेल तर तसं सांगा, यंत्राच्या आड लपू नका. मग मी रविवारी उगाच बसणार नाही."

आठवडाभर साहेब ज्याच्या आशेवर ब्रेड आणि दूध घशाखाली ढकलत होते तो रविवारच चालला होता. तेव्हा त्यांनी ठरवलं, कॉम्प्युटर दुरुस्त झालाच पाहिजे. मग जे झालं ते सांगतो.

माणसावर प्रसंग आला की सल्ले सकाळचं नळाचं पाणी येण्याआधी येतात. खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी म्हणाले, व्होल्टेजचा घोळ आहे. सेक्रेटरींना जगातल्या बहुतेक गोष्टी, स्वतःची अपचनाची तक्रार धरून, व्होल्टेजमुळे होतात असं वाटे. समोरच्या काकूंचं निदान वेगळं होतं. "माणसामागे वस्तू जातात हो," त्या दारातूनच म्हणाल्या. "आमचे गेले ना, तर पहिल्यांदा मिक्सर गेला. मग पंखा. मग कपडे धुवायचं मशीन. मी म्हटलं, जा, सगळेच जा. तुमचं तर अजून काहीच गेलेलं नाही. सुरुवात आहे." हे सांगून त्या साहेबांना वाटीभर साखर देऊन गेल्या. साखर कशाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

साहेबांनी कॉम्प्युटर दुकानात न्यायचं ठरवलं. त्यासाठी आधी त्याचं कव्हर काढावं लागलं, आणि त्या कव्हराबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. बाईंना शिवणाचा नाद होता. पडद्यांचं उरलेलं कापड वाया जाऊ द्यायचं नाही, या तत्त्वावर त्यांनी फ्रिज, मिक्सर, टीव्ही, कॉम्प्युटर, इतकंच काय पण शिलाई मशीनचंही कव्हर त्याच शिलाई मशीनवर शिवलं होतं. निळ्या फुलांच्या त्या कापडात घरातल्या सगळ्या वस्तू एकाच शाळेतल्या मुलांसारख्या दिसायच्या. पाहुणे यायचे झाले की कव्हरं उतरायची, पाहुणे गेले की चढायची. बाई गेल्यावर साहेबांनी पुष्कळ गोष्टी सोडून दिल्या. दाढीसुद्धा मनाला येईल तेव्हा करू लागले. पण कव्हरांचा नियम त्यांनी निष्ठेने पाळला. अडचण एकच होती. बाई कव्हराच्या नाड्यांना सूरगाठ मारायच्या. एक टोक ओढलं की सुटायची. साहेबांना जन्मात एकच गाठ येत होती, ती निरगाठ. ती सोडवायला ते टेबलावरचा काटा वापरायचे. घरातल्या माणसाला डॉक्टरकडे नेताना आपण त्याला घरच्या कपड्यांत नेत नाही. साहेबांनी गाठ सोडवली, कव्हराची घडी घातली, कॉम्प्युटर ओल्या फडक्याने पुसला आणि टॅक्सीत मांडीवर घेऊन निघाले.

कॉम्प्युटरवाला म्हणजे कोपऱ्यावरच्या बोळात दुकान असलेला एक जाडगेला, सतत शिंकणारा गृहस्थ. त्याने यंत्र उघडलं, आत ब्रश फिरवला आणि शिंकत शिंकत म्हणाला, "धूळ किती साचू दिलीय काका. धूळ म्हणजे विष. आत शिरूच देऊ नका."

मग त्याने गेम लावला. साहेब त्याच्या मागे उभे राहून घाटाची वाट पाहू लागले. घाट आला, गेला. दुसरा घाट आला. कॉम्प्युटरवाल्याने एका खेपेत काचेचा माल बंदरावर पोचवला, येताना सिमेंट आणलं आणि एका गिऱ्हाइकाला सांगितलं की आता कामात आहे, उद्या या. दुकान बंद करायची वेळ झाली तरी कॉम्प्युटर ढिम्म हलला नाही. शेवटी त्याने हात झटकले.

"इथे तर ठीक चालतोय, काका. दोष तुमच्या घराकडेच असणार."

साहेबांनी हे वाक्य आयुष्यभर उच्चारलं होतं, पण ते ऐकू कसं येतं हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मात्र धुळीचं त्यांनी मनावर घेतलं. घरी येताच कव्हर चढवलं, निरगाठ मारली. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून फ्रिजचं कव्हर काढून तेही वरून घातलं आणि मागच्या फटीत टॉवेल ठासला. आता धुळीच्या बापाची आत शिरायची टाप नव्हती. मग त्यांनी मुलीला फोन करून कळवळून सांगितलं की कॉम्प्युटर अगदी डॉक्टरकडून तपासून आणलाय, एकच रविवार ये. ती आली. ट्रक निघाले. "काय गं, तिकडे थंडी आहे का?" साहेबांनी विचारलं. "आहे थोडी," मुलगी म्हणाली, आणि पुलाआधीच्या टोलनाक्याची पाटी दिसत असतानाच खट्‍.

फोन वाजला. "बाबा, मी अजून विषय काढलाच नव्हता," मुलगी म्हणाली. "आता हवापाण्याचाही त्रास व्हायला लागला का तुम्हाला?" साहेब काही बोलणार तोवर तिचा आवाज उतरला. "राहू दे. मी नाही बसणार आता. तुम्हाला जेव्हा बोलावंसं वाटेल तेव्हा फोन करा. साधा."

साधा फोन! टेलिफोन खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला ती एकच गोष्ट अवघड होती.

कॉम्प्युटरवाल्याला साहेबांनी घरी बोलावलं. पाहुणा येणार म्हणून सगळी कव्हरं उतरवली, टॉवेल वाळत घातला, चहा ठेवला. शाळातपासणीच्या दिवशी वर्गातलं सगळ्यात द्वाड पोर जसं हाताची घडी घालून बसतं, तसा कॉम्प्युटर वागला. कॉम्प्युटरवाल्याने घाट चढून दाखवला, उतरून दाखवला, चहा प्यायला, शिंकला आणि आजार रेड्याला नि औषध पखालीला या न्यायाने निदान केलं, "अर्थिंग. तुमच्या इमारतीचं अर्थिंग गेलंय. वीज कंपनीत जा."

वीज कंपनीत साहेब छातीवर पेन लावून गेले. एका तक्रार खात्यातला माणूस दुसऱ्या तक्रार खात्यात जातो तेव्हा त्याला थोडा मान मिळावा अशी त्यांची अपेक्षा होती. खिडकीतल्या बाईंनी मान वर केली नाही.

"काय तक्रार?"

"कॉम्प्युटर बंद पडतो."

"दिवे?"

"दिवे चालू असतात."

"फ्रिज?"

"तोही."

"मग कॉम्प्युटर कधी बंद पडतो?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "गेम खेळताना," ते पुटपुटले.

"ऐकू येत नाही, मोठ्याने बोला."

"गेम खेळताना!"

रांगेतली माणसं वळून पाहू लागली. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. खिडकीतल्या बाईंनी आता मात्र मान वर केली आणि जरा मऊ आवाजात विचारलं, "नातू खेळतो का, आजोबा?"

"मी खेळतो," साहेब म्हणाले. त्यांना नातू नव्हता, आणि होता तो अब्रूचा तुकडाही तिथेच खिडकीत ठेवून यावा लागला.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला. त्यात 'उपकरणाचा उपयोग' असा एक रकाना होता. गेम असं लिहायला हात धजेना. साहेबांनी बराच विचार करून खरं तेच लिहिलं: मुलीशी बोलणे. बाईंनी वाचलं आणि अर्ज परत केला. "बोलणं ना? मग ती टेलिफोनची तक्रार झाली. टेलिफोन खात्यात जा. इथून सप्लाय ठीक दिसतोय."

"मी तिथूनच आलोय," साहेब म्हणाले. पण त्याचा अर्थ त्या बाईंना कळायचं काही कारण नव्हतं, आणि मागचा माणूस पुढे सरकला होता.

आता राहिलं अर्थिंग. ते करायचं तर इमारतीच्या आवारात खड्डा हवा, खड्ड्याला सोसायटीची परवानगी हवी, आणि परवानगी सेक्रेटरींच्या हातात. वायरमनने खड्ड्याला योग्य म्हणून जी एकमेव जागा दाखवली ती सेक्रेटरींच्या गुलाबांच्या वाफ्यातली निघाली. व्होल्टेजवर तासन्‌तास बोलणारे सेक्रेटरी अर्थिंगचं नाव काढताच लाकडासारखे ताठ झाले. सभा भरली. सभेत मूळ विषय सोडून पाण्याची टाकी, जिन्यातल्या चपला आणि कोणाच्या तरी सुनेचं मोठ्याने हसणं यांवर चर्चा झाली. शेवटी समोरच्या काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खणू द्या हो त्यांना. एकटा माणूस आहे, करील तरी काय?" एवढ्यावर परवानगी मिळाली. साहेबांना ती नाकारलेली परवडली असती.

वायरमनने खणायला सुरुवात केली आणि पहिल्या काही घावांतच गुलाबांखालून जाणारा पाण्याचा नळ फोडला. कारंजं सेक्रेटरींच्या बाल्कनीपर्यंत उडालं. नळ दुरुस्त होईस्तोवर अख्खी इमारत बादल्या घेऊन जिन्यावरून चढत-उतरत होती, आणि साहेबांच्या दारावरून जाताना जो तो बादली जरा आपटूनच ठेवत होता. सेक्रेटरींनी बोलणं टाकलं. काकू म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं? आता पाणीसुद्धा गेलं." गेले होते गेम चालू करायला आणि पडले आगीतून फुफाट्यात.

अर्थिंग मात्र झालं. त्या रविवारी संध्याकाळी साहेब इस्त्रीचा सदरा घालून कॉम्प्युटरपुढे बसले. मुलीला बोलावण्याआधी एकदा स्वतः खात्री करून घ्यावी म्हणून ते एकटेच निघाले. टॉवेल दोरीवरच राहिला होता, त्यामुळे टोलनाका पार पडला. हवापाणी बोलायला कोणी नव्हतं. पुलावर ऑफिसातल्या भानगडी सांगायला कोणी नव्हतं. आरशात मागचा रस्ता रिकामा दिसत होता. घाट लागला. साहेबांना वाटलं, कॉम्प्युटर जर विषयालाच बिथरत असेल तर विषयही काढून बघायला हवा. त्यांनी घसा साफ केला आणि कोणीच नसलेल्या हेडफोनमध्ये म्हणाले, "आईचं..."

खट्‍.

साहेब अंधारलेल्या पडद्यासमोर तसेच बसले. पडद्यात त्यांना एक म्हातारा दिसत होता, कानाला हेडफोन लावलेला, दाढी वाढलेला. वीज कंपनीतले लोक हसले ते बरोबरच हसले असं त्यांना वाटलं. मग त्यांनी हेडफोन काढला आणि मुलीला फोन केला. साधा.

"मने, माझी हार झाली," ते म्हणाले. "मी बंद करत नाही गं. सगळ्यांना दाखवलं. सगळे म्हणतात ठीक आहे. तू आणि मी असलो की बंद पडतो. आज तर मी एकटाच होतो तरी पडला. तू विश्वास ठेव नाहीतर नको ठेवूस."

बापाच्या तोंडून एका दमात इतकी वाक्यं मुलीने पूर्वी ऐकली नव्हती. "थांबा," ती म्हणाली. "मला त्याचा फोटो पाठवा. पुढून आणि मागून."

फोटो काढायचा म्हणजे पाहुणा आल्यासारखंच. साहेबांनी काटा आणला, दोन्ही कव्हरांच्या गाठी सोडवल्या, कव्हरं खुर्चीवर टाकली, यंत्र पुसलं आणि फोटो पाठवले. फोन पुन्हा वाजला.

"बाबा, मशीन तर ठीक दिसतंय."

"हां, आता तूही म्हण," साहेब म्हणाले.

"तसं नाही. मागे खुर्चीवर निळं काय आहे?"

"कव्हर. दोन आहेत. एक याचं, एक फ्रिजचं. धुळीसाठी."

"ही कॉम्प्युटरवर असतात?"

"मग कुठे असणार?"

"आणि काढता कधी?"

"कोणी आलं की काढतो."

"बाबा," मुलगी अगदी सावकाश म्हणाली, "आणि आपण गेम खेळतो तेव्हा?"

"तेव्हा कोण येतं इथे?" साहेब म्हणाले.

तिकडून आधी हसू आलं. ते थांबेना. कॉम्प्युटर तापला की आपोआप बंद होतो, त्याला मागून हवा लागते, एवढं तिने हसता हसता सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसाही कसला, सगळ्या गावाचं पाणी तोडून! मग हसू एकदम थांबलं. "आई काढायची," ती म्हणाली. "मी गेम लावला की ती आतून यायची, ते एक टोक ओढायची आणि कव्हर मांडीवर घेऊन बाजूला बसून राहायची. मी उठले की परत घालायची. मला वाटायचं माझ्यावर लक्ष ठेवते. मी चिडायचे तिच्यावर. तुम्ही कधी पाहिलं नाहीत?"

साहेबांनी आठवून पाहिलं. त्या वेळी ते घरातच असायचे. समोर वर्तमानपत्र असायचं. "नाही," ते म्हणाले.

"लावा," मुलगी म्हणाली. "आत्ता लावा. मी येते."

ट्रक निघाले. साहेबांनी कव्हर खुर्चीवरून उचलून मांडीवर घेतलं. दुसरीकडे ते ठेवायची जागा त्यांना सुचेना. टोलनाका गेला. पूल गेला. या वेळी हवापाणी कोणीच काढलं नाही. घाट लागला. साहेब प्रत्येक वळणावर खांदे आवळून खट्‍ची वाट पाहत होते. खट्‍ झालं नाही. घाटमाथा आला आणि ट्रक पलीकडे उतरू लागला. घाटापलीकडे काय आहे ते साहेबांनी तोवर पाहिलं नव्हतं. फारसं काही नव्हतं. करडं माळरान, एक पेट्रोल पंप आणि लांबच्या लांब सरळ रस्ता.

"बाबा, आईचं कपाट उघडलंत का हो?"

पुरं वाक्य एवढंच होतं. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. इतके दिवस ज्याच्यासाठी दारोदार हिंडले त्या कॉम्प्युटरला त्यांनी मनातल्या मनात विनवलं, बाबा रे, आत्ता पड बंद. कॉम्प्युटरचा पंखा आपला मजेत घुमत होता. चालू-बंदचं बटण टेबलाखाली होतं, पायाच्या अंगठ्याच्या टप्प्यात. अंगठा थोडा पुढे सरकला. मग साहेबांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"नाही उघडलं," ते म्हणाले. "किल्ली घेऊन जातो. दाराशी उभा राहतो. मग परत येतो." मांडीवरची नाडी त्यांनी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "उघडलं की आवरावं लागेल. आवरलं की ती गेली असं होईल. अजून कसं, सगळं तिने ठेवलं तसंच आहे. मला आठवण येते गं तिची. रोज येते. आणि मला ती गाठसुद्धा बांधता येत नाही. मला एकट्याने नाही जमायचं, मने. तू ये. आपण मिळून उघडू."

पुढे चाललेल्या मुलीच्या ट्रकचे मागचे दिवे एकदा लाल झाले आणि मग तो ट्रक रस्त्यावरून नाहीसा झाला. साहेबांनी इंडिकेटर दिला, ट्रक कडेला घेतला आणि थांबले. माळरानावर त्यांचा एकट्याचा दिवा उघडझाप करत राहिला. बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"बाबा," मुलीचा आवाज नाकातून येत होता, "माझा कॉम्प्युटर बंद पडला हो अचानक."

तक्रार निवारण कक्षात बसून साहेबांनी निवारण कधी केलं नसेल, पण कान तयार केला होता. लाईन आपोआप तुटली की कोणी हाताने ठेवून दिली, ते त्यांना पलीकडच्या माणसाच्या पहिल्या शब्दावरून कळायचं. ते आत्ताही कळलं. जुनं वाक्य सवयीने ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"होतं असं," ते म्हणाले. "यंत्रच ते. सावकाश चालू कर, घाई नाही. मी लाईनवर आहे."